श्री गट

"लिहा," मी म्हटलं.

"अगं, पण किती?"

"हात दुखेपर्यंत."

आमदार निवासातल्या आमच्या खोलीत पलंगावर कालचा पेपर पसरला होता, आणि महाराष्ट्र विधानसभेचे एक सन्माननीय सदस्य, म्हणजे आमचे हे, त्यावर ओळीनं श्री काढत बसले होते. मी कमरेवर हात ठेवून शेजारी उभी. दारातून कुणी डोकावलं असतं तर बाईनं नवऱ्याला शिक्षा दिलीय असंच वाटलं असतं.

त्या दिवशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक होती. साल कोणतं, पक्ष कोणता, उमेदवार कोण, हे मी सांगणार नाही. कळणाऱ्याला कळेल, न कळणाऱ्याचं काही अडत नाही. ही निवडणूक तुमच्याआमच्यासारख्यांनी करायची नसते, आमदार-खासदार करतात. आमदारांनी आपापल्या राज्याच्या विधानभवनात मत द्यायचं, मग ती पेटी मोजायला दिल्लीला जाते. महाराष्ट्रातल्या आमदाराचं मत एक धरत नाहीत, पावणेदोनशे धरतात. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं असतात. हवा त्याच्या नावासमोर एक आकडा काढायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. आकड्याखेरीज कागदावर दुसरं काही लिहिलेलं दिसलं की मत बाद.

आणि आमच्या ह्यांना कागद हातात आला की माथ्यावर श्री काढल्याशिवाय पुढचं सुचायचंच नाही. वाण्याची यादी असो, तार असो, आधी श्री. भक्ती म्हणाल तर तशी बेताचीच, एकादशीला दोनदा जेवायचे. पण लहानपणी गुरुजी पाटीवर श्री नसला तर पाटीकडं बघायचेच नाहीत, तेव्हापासून हाताला जे वळण लागलं ते लागलं. एकदा चेकवरसुद्धा काढला होता. बँकेचा मॅनेजर हात जोडून म्हणाला, "तात्या, देवाला खात्यात ओढू नका." विधानसभेत लेखी प्रश्न दिला तर त्याच्यावरही श्री. सगळं सभागृह हसलं होतं.

तात्या म्हणजे हेच. त्र्यंबकराव भुतेकर, गोदाकाठच्या एका तालुक्याचे आमदार. दुसऱ्यांदा निवडून आलेले, आणि दोन्ही वेळा मुंबईत कुणाच्या लक्षात न राहिलेले.

"झाले," त्यांनी पेपर उलटा केला. मागचं पानही भरलं होतं.

"आता हात कसा वाटतोय?"

"मोकळा वाटतोय."

"आत गेल्यावर काय काढायचं?"

"एक."

"वर काय?"

"काही नाही." मग जरा घुटमळून म्हणाले, "अगं, चुकल्याचुकल्यासारखं होईल पण."

"पुलाची आठवण करा. मग नाही व्हायचं."

पुलाचं सांगते. माझं माहेर हातोला, गोदावरीच्या पलीकडं. तालुका, दवाखाना, बाजार, कचेरी, सगळं अलीकडं. मधे होडी. पावसाळ्यात होडीवाला पाण्याकडं बघायचा आणि मान हलवायचा, की झालं, पलीकडचे पलीकडं. माझ्या वडिलांना साप चावला तेव्हा नदीला पाणी होतं. त्यांना बाजेवर घालून काठावर आणलं होतं. समोर दवाखान्याची कौलं दिसत होती. ती बघत बघत ते गेले. मी अलीकडच्या काठावर उभी होते, सासरची. हात वर करून ओरडत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

तात्या पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मी त्यांच्याकडं पाटल्या मागितल्या नाहीत, पूल मागितला. पहिली पाच वर्षं नुसत्या अर्जांत गेली. सगळ्या अर्जांवर श्री होता, त्याचाही उपयोग झाला नाही.

मग ही निवडणूक आली. मतदानाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी सगळ्या आमदारांना बोलावलं. पक्षात नाराज लोक बरेच. कुणाला मंत्री व्हायचं होतं, कुणाला महामंडळ हवं होतं. मत गुप्त, तेव्हा उद्या कोण कुठं घसरेल याचा भरवसा नव्हता. म्हणून प्रतोद ढमढेरे यांनी शक्कल काढली. प्रतोद म्हणजे पक्षाच्या आमदारांवर लक्ष ठेवणारा माणूस. त्यांनी ताटात बेल आणि भंडारा आणून ठेवला, आणि एकेकाला तो उचलून शपथ घ्यायला लावली: माझं मत विरोधी उमेदवाराला जाणार नाही. शब्द ढमढेऱ्यांनीच घातले होते. कच्चे घातले, पण ते नंतर कळलं.

आमच्या ह्यांनी भंडारा उचलला तेव्हा मुख्यमंत्री सगळ्यांसमोर म्हणाले, "तात्या, तुमच्याबद्दल मला शंका नाही. तुमचा पूल या अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत घेतो, हा माझा शब्द. फक्त एक करा. उद्या तेवढा श्री काढू नका!"

सगळे पोट धरधरून हसले. हेही हसले. घरी येऊन मला सांगताना परत हसले. मी हसले नाही. मी पेपर आणून ठेवला.

तर मतदान करून हे दुपारी परत आले. पायातल्या चपला न काढताच म्हणाले, "नाही काढला."

"खरंच?"

"एक काढला आणि घडी घातली. हात वर जात होता, दुसऱ्या हातानं धरला." शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यासारखा चेहरा झाला होता.

मोजणीचा निकाल आला त्या दिवशी ढमढेरे धापा टाकत खोलीत शिरले. माणूस अंगानं आडवा, आणि लिफ्ट बंद होती.

"तात्या, घात झाला."

"आपला उमेदवार पडला?"

"आला! चांगला दणक्यात आला. पण महाराष्ट्रातली आपली पाच मतं बाद. दिल्लीवाले साहेबांना विचारतायत, तुमच्या आमदारांना लिहिता येत नाही का."

ते ह्यांच्याकडं बघत होते. हे माझ्याकडं.

"पाच?" मी म्हटलं. "माणूस एक, तो पाच कशी बाद करील?"

"तेच तर म्हणतो वहिनी! आपला माणूस मोजणीला बसला होता, त्यानं डोळ्यांनी बघितलंय. पाचही कागदांवर आपल्याच उमेदवारासमोर एक आकडा. आणि पाचही कागदांवर, वर, मधोमध, श्री."

मग तात्यांनी विचारलं, "नीट काढलेत का?"

"तात्या, ही थट्टेची वेळ आहे का? एक तुमचा, हे शेंबडं पोरही सांगेल. बाकीचे चार कुणाचे?"

"माझा नाही."

"बरं बरं," ढमढेरे म्हणाले, आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. सत्ताधारी पक्षात फुटीर गट, मतपत्रिकेवर श्रीची खूण करून मुख्यमंत्र्यांना इशारा, मराठवाड्यातला एक 'शांत पण मुरब्बी' आमदार गटाचा सूत्रधार. नाव दिलं नव्हतं. गरजही नव्हती. त्या दिवसापासून आमची लिफ्ट चालू झाली. खालचा कँटीनवाला न मागता चहा वर पाठवू लागला. विरोधी पक्षाच्या एका पुढाऱ्यानं विधानभवनाच्या पायरीवर ह्यांना मिठी मारली आणि कानात म्हणाला, "मानलं तात्या. इतकी वर्षं आम्ही तुम्हाला साधं समजत होतो."

हे ज्याला त्याला सांगत होते, "अहो, माझा नाही त्यातला एकही." ज्याला त्याला वाटायचं, काय कसलेला माणूस आहे, पत्ता लागू देत नाही.

आणि मी? खरं सांगते, माझाही विश्वास नव्हता. बाकीचे चार कुणाचे ते देव जाणे, पण एक ह्यांचाच, असं मला आतून वाटत होतं. चाळीस वर्षांचा हात दोन पानांनी थोडाच वळतो. चुकून काढला असेल आणि काढल्याचं लक्षातही नसेल. दोन दिवस भाकरी जरा आदळूनच वाढत होते.

संध्याकाळी हे समुद्रावर फिरायला जायचे. असेच गेले होते, तेव्हा दार वाजलं. कोल्हापूरकडचे आमदार केरबा चौगुले. पैलवान माणूस, दारात मावत नव्हता.

"वैनी, तात्या न्हाईत न्हवं?"

"फिरायला गेलेत."

"ते बघूनच आलोय." आत आले, बसले, पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "वैनी, तुमच्यापाशी बोलतो. तात्यांफुडं तोंड उघडायचं न्हाई. त्यातला एक शिरी माझा हाय."

मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते बारीक केलं.

"का हो असं केलंत?"

"सा म्हयनं झालं, मंत्री करतो म्हनून झुलवत ठेवलंय. राग हुता पोटात. पर बेलभंडारा उचललेला! विरोधकाला मत दिऊन खंडोबाचा कोप कोन वडवून घील? आन् आपल्या मानसाला द्यायला हात हुईना. तवर सायबच म्हनाले न्हवं का, तात्या, शिरी काढू नगा? डोस्क्यात उजेड पडला बघा. म्हटलं, मत बी बाद, शपथ बी शाबूत, आन् नाव तात्यांचं. लोक हसतील आन् सोडून देतील. आता मला काय ठावं, आनिक चौघांच्या डोस्क्यात त्योच उजेड पडलाय?"

"मग आता माझ्याकडं काय काम?"

"तात्यांनी येवढंच म्हनावं, एक माझा हाय. म्हंजी चवकशी थंड हुईल."

चहा पिऊन गेले. दुसऱ्या संध्याकाळी विदर्भातले उरकुडे आले. बारीक आवाजाचे, सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावणारे वकील. तेही हे बाहेर पडल्याचं बघूनच आलेले.

"वहिनी, रागावसान नाही तं एक सांगतो. मी तं सहज काढला जी. म्हटलं, तात्यायचा एक असनच, दोन झाले तं कोनाले समजते."

मग आणखी दोघे आले, एक सकाळी आणि एक दुपारी, हे विधानभवनात असताना. त्यांची नावं मी घेत नाही, त्यांची मुलं आज राजकारणात आहेत आणि बापांबद्दल फार चांगलं बोलतात. चौघांचंही गाऱ्हाणं एक, सुचलेली युक्ती एक, आणि मागणंही एक: तात्यांनी तेवढं 'माझा' म्हणावं. जो तो समजत होता की आपण सोडून बाकीचे सगळे बदमाश आहेत आणि तात्या तेवढे त्यात चुकून सापडलेत.

चौथा गेल्यावर मी मनाशी म्हटलं, चला, चार झाले, पाचवा आमचा. शेवटी काढलाच.

आणि त्याच संध्याकाळी पुन्हा दार वाजलं. ढमढेरे.

"चौकशी कुठवर आली?" मी विचारलं.

"तेच बोलायला आलोय वहिनी." बसले, रुमालानं मान पुसली, पंख्याकडं बघितलं. "ही चौकशी साहेबांनी माझ्याकडं दिलीय. मी ती फार पुढं नेऊ शकत नाही."

"का बरं?"

"माझ्यापर्यंत येईल."

चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. प्रतोदालाही मंत्री व्हायचं होतं. शपथेचे शब्द त्यांनीच घातले होते, त्यातली फट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

ते गेले आणि मी मोरीत कपबश्या विसळत होते, तर हात थांबला. श्री पाच, माणसं पाच. मग आमच्या ह्यांचा कुठला? कुठलाच नाही. अख्ख्या विधानसभेत ज्याच्या श्रीची सगळ्यांना खात्री होती, त्या एकट्यानं तो काढला नव्हता. आणि तसं त्यानं घरात शिरताशिरता, चपलाही न काढता मला सांगितलं होतं. मला रडू आलं. लाज वाटली, आणि मग त्या पाचांचा असा राग आला की हातातली बशी फुटली.

हे फिरून आले तर मी कांदाभजी तळत होते.

"आज काय विशेष?"

"काही नाही. खा."

पाचांबद्दल मी त्यांना चकार शब्द सांगितला नाही. सांगितलं असतं तर पहिल्या विचारणाऱ्याला त्यांनी पाची नावं गावांसकट सांगितली असती.

भजी खात असतानाच निरोप आला. मुख्यमंत्र्यांनी आम्हा दोघांना सकाळी नाश्त्याला बोलावलंय. पाच वर्षं अर्ज केले तेव्हा ह्यांना भेटीची वेळ मिळत नव्हती.

"ऐका," मी म्हटलं. "त्यांना वाटतंय तुमच्यामागं चार माणसं आहेत. वाटू द्या. 'हो' म्हणू नका, 'नाही' म्हणू नका. नुसतं हसा."

"आणि सरळ विचारलं तर?"

"खोकला काढा."

"ते खोटं बोलल्यासारखंच झालं की."

"खोकल्यात कुठलं आलंय खरंखोटं! पूल होऊ द्या. मग गावभर सांगत फिरा."

त्यांनी बराच वेळ भजं हातात धरून ठेवलं. "प्रयत्न करतो," म्हणाले.

मुख्यमंत्री लहान चणीचे, आवाज अगदी मऊ. पोहे त्यांनी स्वतः वाढले.

"तात्या, पाचामुखी परमेश्वर म्हणतात. तुमच्या पाचांनी तर लिहूनच दाखवला." ते हसले. मी ह्यांच्या पायावर पाय ठेवला. तात्या हसले. तसं ठरवून हसायची सवय नव्हती, उचकी लागल्यासारखं झालं. मुख्यमंत्र्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांना त्यात फार मोठा आत्मविश्वास दिसला असावा.

"पुलाचं मी मनावर घेतलंय. आणखी काही असेल तर मोकळेपणानं सांगा. दिवाळीनंतर मंत्रिमंडळात दोन जागा भरायच्या आहेत."

तात्या परत हसले.

"म्हणजे पाचातला एक तुमचा, हे तर धरूनच चालतो मी. होय ना?"

तात्यांना खोकला आला. चांगला आला. मुख्यमंत्री थांबले. खोकला चालू राहिला. शेवटी मुख्यमंत्री स्वतः उठले आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. तात्या पाणी प्याले, आणि मग खोकायला काही निमित्तच राहिलं नाही.

"नाही साहेब," ते म्हणाले. "माझा नाही. मी एक आकडा काढला आणि आलो. ते लोक कोण, हेसुद्धा मला ठाऊक नाही."

मी पोह्यांकडं बघत बसले. मुख्यमंत्री ह्यांच्याकडं बघत होते. सगळा जन्म खोटं ऐकण्यात गेलेला माणूस, खरं कानावर पडताच त्यांनी ते ओळखलं.

"मग तुमच्यामागं कोण आहे?"

"कुणी नाही साहेब." तात्यांनी जरा विचार केला आणि माझ्याकडं बोट केलं. "ही आहे."

"हो, वहिनी आहेतच," मुख्यमंत्री म्हणाले. त्यांचा आवाज आता पहिल्यापेक्षा मोकळा झाला होता. त्यांनी पोह्यांची बशी जवळ ओढली. "तात्या, तुम्ही एकनिष्ठ आहात, याचा मला आनंद आहे. पुलाचं असं आहे, यंदा जरा ओढाताण आहे. पुढच्या वर्षी बघू."

परत येताना टॅक्सीत मी बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. "माझा बाप त्या काठावर मेला. तुम्हाला एक खोकला धरवला नाही?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "मला खोटं जमत असतं ना, तर मी बोललो असतो गं. तुझ्यासाठी बोललो असतो." मग म्हणाले, "तुझा पूल मी घालवला." त्यांचा आवाज फुटला होता. त्यांना कधी रडताना मी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर आरशातून बघत होता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि गप्प बसले. पण मनात गप्प बसले नव्हते.

ते पाची जण आमच्याच इमारतीत राहत होते. दुपारी हे विधानभवनात गेल्यावर मी पदर खोचला आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात केली.

"चौगुले, एक काम आहे. आज साहेबांकडं जायचं आणि आमच्या तालुक्यातला गोदावरीवरचा पूल मागायचा."

"मी? वैनी, मी पंचगंगेकडचा मानूस. गोदावरी मी बघितली बी न्हाई."

"कशाला बघायला पाहिजे? नुसतं म्हणायचं, तो पूल झाला पाहिजे. कारण सांगायचं नाही, दुसरं काही बोलायचं नाही."

"आन् न्हाई गेलो तर?"

"तर मी तात्यांना सांगीन तुमचं."

"तात्यांना? सांगा की. ते काय करनार?"

"काही नाही करायचे. पण उद्या कुणी त्यांना विचारलं, चौगुल्यांचं काय, तर? ते खरं बोलतात, एवढं माहीत आहे ना?"

चौगुल्यांनी पटका डोक्याला बांधला.

उरकुड्यांना मात्र वेळ लागला, वकील ना. ते म्हणाले, "वहिनी, ही तं धमकी झाली." मी म्हटलं, "नाही हो. धमकी कसली? माझ्या नवऱ्याचा स्वभाव सांगितला." उरलेले दोघे दारातच 'हो' म्हणाले. शेवटी ढमढेऱ्यांकडं गेले. ते ताटावर बसले होते. माझं ऐकून ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "वहिनी, विधानसभेत तुम्ही यायला हवं होतं." मी म्हटलं, "मग पुलाचं कुणी बघितलं असतं?"

पुढचं मला ढमढेऱ्यांनीच सांगितलं. चौगुले गेले तेव्हा मुख्यमंत्री हसले, म्हणाले, कोल्हापूरला गोदावरी कधी गेली? उरकुडे गेले तेव्हा हसले नाहीत. तिसऱ्याला त्यांनी बसा म्हटलं नाही. चौथ्याचं वाक्य त्यांनीच पुरं केलं. आणि ढमढेरे आत शिरले तेव्हा मुख्यमंत्र्यांनी हातातली फाइल मिटली आणि विचारलं, "तुम्हालाही तोच पूल हवा असेल?" ढमढेऱ्यांनी मान खाली घातली.

ज्या पाच नावांसाठी मुख्यमंत्र्यांनी चौकशी बसवली होती, ती पाची त्यांच्यासमोर आपल्या पायांनी चालत आली. पण आता नावं कळून उपयोग नव्हता. पाच वेगवेगळे चिडलेले आमदार वेगळे, आणि एकाच पुलासाठी एका दिवसात येणारे पाच आमदार वेगळे. आतापर्यंत श्री गट नव्हता. त्या दुपारी तो झाला.

पुरवणी मागण्या आल्या, त्यात आमचा पूल होता. हे कागद हातात घेऊन खोलीत आले, चेहरा लहान मुलासारखा.

"बघ! बघ, तू टॅक्सीत किती बोललीस मला. मी त्यांना खरं सांगितलं, ते त्यांच्या मनाला लागलं. माणूस कितीही मोठा होऊ दे, खऱ्याला वाकतो."

मी म्हटलं, "हो."

भूमिपूजनाला मुख्यमंत्री आले होते. नारळ त्यांनी माझ्यासमोर धरला.

"वहिनी, तुम्ही फोडा."

"तात्या फोडतील की. ते आमदार आहेत."

"त्यांच्यामागं कोण आहे हे मी विचारलं होतं," मुख्यमंत्री मऊ आवाजात म्हणाले. "त्यांनी सांगितलं, तेव्हा मी लक्ष दिलं नाही." तात्या मागं हार सावरत उभे होते. त्यांना ऐकू गेलं नाही. मी नारळ फोडला.

पूल व्हायला चार पावसाळे गेले. झाल्यावर मी पहिल्यांदा पायी गेले, माहेरापर्यंत. खाली पाणी भरून चाललं होतं. पलीकडच्या काठावर जिथं बाज ठेवली होती, तिथं उभी राहिले आणि मागं वळून बघितलं. दवाखाना इतका जवळ होता! मी तिथंच बसले आणि मोठ्यानं रडले. हे शेजारी उभे राहून पाठीवर हात फिरवत होते.

पुढच्या निवडणुकीत हे पडले. पूल झाल्यावर लोकांना आमदाराची तशी निकड वाटेना. ह्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. त्यांना दुसरं काम सापडलं होतं. तालुक्यातल्या शाळाशाळांतून त्यांना बोलवायचे, आणि ते पुलाची गोष्ट सांगायचे. मुख्यमंत्र्यांनी मंत्रिपद पुढं केलं, पूल पुढं केला, आणि आपण पाणी पिऊन खरं काय ते सांगितलं, आणि त्या खऱ्यापोटी सरकारनं पूल बांधून दिला. "मुलांनो, नेहमी खरं बोला. पूलसुद्धा होतात." पोरं टाळ्या वाजवायची. जाईपर्यंत ते हे सांगत होते, वीस-बावीस वर्षं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकायची आणि शेवटी टाळ्या वाजवायची.

त्यांना मी कधीच काही सांगितलं नाही. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं, आणि तसं वाटताना ते फार सुखात होते. मला काळजी वाटते ती त्या पोरांची. शेकड्यांनी होती ती. आता कुठं कुठं नोकरीला लागली असतील, साहेबांसमोर उभी राहून खरं बोलत असतील, आणि त्यांच्या घरी कोण आहे, कसं आहे, मला काही माहीत नाही.